लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि घशाशी येणारे आम्ल

(सिंगापूर येथील वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले व्याख्यान)





शेजारच्या दालनात भोजनाची तयारी चालू असताना जठराच्या विकारांवर बोलणे शोभत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही कार्यकारिणीने हाच विषय दिला, आणि तो आम्ही आनंदाने स्वीकारला. गेल्या काही वर्षांत आपल्या परिचयातील अनेक कुटुंबांनी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आमच्याकडे विचारणा केली. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "डॉक्टरसाहेब, स्लीव्ह करावी की बायपास?" आम्ही शल्यचिकित्सक नव्हे, साधे फिजिशियन आहोत. परंतु या प्रश्नाचे उत्तर देताना आमच्या हातून एकदा चूक झाली आहे, आणि त्या चुकीपासूनच आरंभ करणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयातील एक भगिनी, वय चव्वेचाळीस, वजन ९६ किलो, उंची १५६ सेंटिमीटर. मधुमेह होता, गुडघे दुखत होते. सुटीत महाराष्ट्रात गेल्या असता तेथेच स्लीव्ह करून घ्यावी, असे त्यांच्या घरी ठरले. जाण्यापूर्वी त्या आमच्याकडे आल्या. आम्ही रक्तशर्करा पाहिली, हृदयाचा आलेख पाहिला आणि "अवश्य जा" म्हणून सांगितले. एक प्रश्न मात्र आम्ही विचारला नाही: "ताई, रात्री घशाशी येते का?" त्या कित्येक वर्षे दोन उशा घेऊन झोपत होत्या आणि पर्समध्ये आम्लनाशक गोळ्या बाळगत होत्या. त्यांना तो आजार वाटत नव्हता, म्हणून त्यांनी सांगितले नाही. आणि आम्ही विचारले नाही.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. वर्षभरात वजन ६८ किलोवर आले, इन्सुलिन सुटले. घरात पेढे वाटले गेले. परंतु त्यानंतर रात्री ठसका लागून जाग येऊ लागली, उशीवर आंबट पाणी सांडू लागले. अखेर त्या खुर्चीत बसून झोपू लागल्या. एन्डोस्कोपी केली तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या भागात मोठे व्रण दिसले. औषधांची मात्रा दुप्पट करूनही आराम पडेना. शेवटी त्या स्लीव्हचे रूपांतर बायपासमध्ये करावे लागले. पुन्हा भूल, पुन्हा रजा, पुन्हा खर्च. आज त्या आडव्या झोपतात. पण जो त्रास टळण्याजोगा होता, तो त्यांनी दोन वर्षे भोगला. दोष स्लीव्हचा नव्हता. ती कोणावर करावी याचा विचार न करणाऱ्यांचा होता, आणि त्यांत आम्हीही होतो.

आता मूळ विषयाकडे वळू. लठ्ठपणावर शस्त्रक्रिया कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात असेल. आपण भारतीय वंशाचे लोक वरून सडपातळ दिसलो तरी आत चरबी बाळगून असतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्रित छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही वजन-उंची निर्देशांक, म्हणजे ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो २२.३ होता. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के निघाली! सिंगापूरच्या २०१० सालच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातही मधुमेहाचे प्रमाण एकंदर लोकसंख्येत ११.३ टक्के, तर येथील भारतीयांत १७.२ टक्के आढळले. म्हणूनच आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा खालची धरली जाते. सिंगापुरात बीएमआय ३७.५, किंवा मधुमेहासारखा विकार सोबत असल्यास ३२.५, ही मर्यादा प्रचलित राहिली. २०२२ साली या क्षेत्रातील दोन प्रमुख आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई व्यक्तींना २७.५ पासून ही शस्त्रक्रिया देऊ करावी, असे सुचविले आहे. तेव्हा हा प्रश्न उद्या आपल्यापैकी अधिक घरांत येणार, हे उघड आहे.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपण मराठीत छातीत जळजळले की "पित्त झाले" म्हणतो. वास्तविक ते पित्त नसते. ते जठरातील आम्ल असते. खरा पित्तरस यकृतात तयार होऊन लहान आतड्यात उतरतो, तो हिरवट-पिवळा आणि कडू असतो. आम्ल वर येणे आणि पित्तरस वर येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शस्त्रक्रिया निवडताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर निसर्गाने एक झडप ठेवली आहे. स्नायूंचे वर्तुळ, श्वासपटलाचा आधार आणि जठर ज्या तिरप्या कोनात नलिकेला मिळते तो कोन, या तिन्हींच्या साहाय्याने ती आम्ल खाली रोखून धरते. पोटावर चरबी साठली की आतून दाब वाढतो आणि झडप हार मानू लागते. काहींच्या बाबतीत जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकतो. त्याला हायटस हर्निया म्हणतात. आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले तर नलिकेत व्रण पडतात, ती अरुंद होते. आणि थोड्यांच्या नलिकेचे अस्तरच बदलते. या बदलास बॅरेटचा विकार म्हणतात, आणि पुढे त्यातून कर्करोगाचा संभव असतो. म्हणून "जरा जळजळते" एवढ्यावर हा विषय सोडून देता येत नाही.

आता शस्त्रक्रियांकडे पाहू. स्लीव्ह ही आज जगात सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया आहे. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. आतड्याची जोडाजोड नसल्याने ती "लहान" शस्त्रक्रिया म्हणून लोकप्रिय झाली. परंतु अरुंद नळीत दाब वाढतो, जठराची फुगण्याची शक्ती जाते, आणि वर सांगितलेला तिरपा कोन व त्याजवळचे स्नायुतंतू दुखावले जाऊ शकतात. आम्ल निर्माण करणाऱ्या पेशी मात्र त्या नळीत उरतातच. ज्याची झडप आधीच कमकुवत आहे, त्याच्या बाबतीत हे जळत्या चुलीवर झाकण घट्ट बसवून खालून जाळ तसाच ठेवण्यासारखे होते.

बायपासचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आरंभी आतड्याचे वेटोळे सरळ जठराला जोडले जाई आणि पित्तरस वर येई. पुढे १९७७ च्या सुमारास स्विस शल्यचिकित्सक सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी जोडणी तीत आणली गेली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी ठेवतात, तेथे आम्लपेशी थोड्या असतात. आतड्याचा साधारण मीटरभर लांबीचा भाग तिला जोडल्यामुळे पित्तरसही वर पोहोचत नाही. म्हणजे एकाच शस्त्रक्रियेत आम्ल आणि पित्त या दोघांनाही अटकाव होतो.

तिसरा प्रकार एकाच जोडणीचा बायपास. डॉ. रॉबर्ट रटलेज यांनी तो १९९७ साली सुरू केला आणि भारतात तो बराच रूढ आहे. वजन व मधुमेह यांवर तो प्रभावी आहे. परंतु वेटोळे पुन्हा सरळ जोडलेले असल्याने खरे पित्त वर येण्याची शक्यता उरते. पोटावर पट्टा बसविण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. पट्टा सरकल्यास तीतही ओहोटीचा त्रास वाढे.

हे केवळ तर्काचे बोलणे नाही. स्वित्झर्लंडमध्ये २१७ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी करून स्लीव्ह व बायपास यांची तुलना करण्यात आली. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. आधी ओहोटीचा त्रास असलेल्यांपैकी बायपासनंतर ६०.४ टक्के, तर स्लीव्हनंतर २५ टक्के त्यातून मुक्त झाले. त्रास वाढला तो बायपासनंतर ६.३ टक्क्यांचा आणि स्लीव्हनंतर ३१.८ टक्क्यांचा. लक्षात घ्या, औषधांनीही न आटोपणारी तीव्र ओहोटी असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलेच नव्हते! फिनलंडमधील २४० रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनी अन्ननलिकेचा दाह स्लीव्हनंतर ३१ टक्के, बायपासनंतर ७ टक्के रुग्णांत आढळला. बॅरेटचे प्रमाण मात्र दोहोंकडे ४ टक्के, म्हणजे सारखेच होते. भीती अवाजवी वाढवू नये, म्हणून हेही सांगणे आवश्यक वाटते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याला ओहोटीचा गंभीर विकार आहे, म्हणजे नलिकेत मोठे व्रण आहेत, बॅरेटचा बदल आहे, मोठा हायटस हर्निया आहे किंवा रोज औषध घेऊनही रात्री घशाशी येते, त्याच्यासाठी रू पद्धतीचा बायपास हाच सामान्यतः पहिला पर्याय होय. जी शस्त्रक्रिया दुसऱ्यासाठी लहान आहे, ती त्याच्यासाठी लहान राहत नाही. ज्याला क्वचित, जेवण जड झाल्यावरच जळजळते आणि ज्याची एन्डोस्कोपी निर्दोष आहे, त्याला स्लीव्ह निषिद्ध नाही. परंतु ओहोटी नव्याने उद्भवू शकते, हे त्याने जाणूनच निर्णय घ्यावा.

बायपासची किंमतही सांगितली पाहिजे. अन्यथा आम्ही एका बाजूचे वकील ठरू. ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. आपल्या भगिनींत रक्तक्षय आधीच पुष्कळ असतो आणि काही घरांत आहार शाकाहारी असतो. त्यांनी यात हयगय करू नये. गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. जोडावर व्रण होऊ शकतो. म्हणून धूम्रपान व तंबाखू सोडलीच पाहिजे आणि गुडघेदुखीच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. आतड्याला आतल्या आत पीळ पडण्याचा धोका वर्षांनंतरही असतो, तेव्हा अचानक तीव्र पोटदुखी झाल्यास थेट रुग्णालय गाठावे. आणखी एक गोष्ट: बायपासनंतर बाजूला ठेवलेल्या जठरापर्यंत नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच जठर नीट पाहून घ्यावे आणि हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी करून घ्यावी. ज्यांच्या आतड्याचा पूर्वीचा काही आजार आहे, किंवा पोटावर पुष्कळ शस्त्रक्रिया झाल्या आहेत, त्यांच्या बाबतीत शल्यचिकित्सकाचा निर्णय वेगळा असू शकतो.

मग घरच्यांनी काय करावे? पहिले, तक्रार लपवू नये. जळजळ, करपट ढेकर, रात्रीचा खोकला, सकाळी घोगरा आवाज, उंच उशी, पर्समधील गोळ्या, हे सारे डॉक्टरांना सांगावे. दुसरे, शस्त्रक्रियेपूर्वी एन्डोस्कोपी झालीच पाहिजे असा आग्रह धरावा. शंका राहिल्यास चोवीस तासांची आम्लमापन चाचणी आणि नलिकेच्या आकुंचनाची दाबचाचणी करता येते. तिसरे, शल्यचिकित्सकाला सरळ विचारावे: "माझ्या नलिकेचे चित्र पाहून आपण हीच शस्त्रक्रिया का सुचवता? आणि पुढे ओहोटी वाढली तर काय कराल?" चौथे, स्लीव्ह किंवा एकाच जोडणीचा बायपास केलेल्यांनी त्रास नसला तरी एका वर्षाने आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी एन्डोस्कोपी करून घ्यावी, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे.

येथील नागरिक व कायम रहिवासी यांनी पॉलिक्लिनिकमधून शिफारसपत्र घेऊन सरकारी रुग्णालयात जावे. सवलत मिळते, आणि शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नसून वैद्यकीय कारणासाठी असल्यास मेडिसेव्हचा उपयोग होऊ शकतो. नोकरीच्या परवान्यावर असलेल्यांनी मालकाच्या विम्याच्या अटी आधी वाचाव्यात. कोणी स्वदेशात शस्त्रक्रिया करून घेणार असेल तर आमचा विरोध नाही. तेथे निष्णात हात आहेत. परंतु सुटीच्या तीन आठवड्यांत सारे उरकण्याच्या घाईत तपासणी गाळू नये, आणि परतताना शस्त्रक्रियेचा पूर्ण अहवाल सोबत आणावा. पुढची देखरेख येथेच व्हायची असते.

शेवटी एक विनंती. आपल्या समाजात ही शस्त्रक्रिया गुपचूप केली जाते. "डाएट केले" असे सांगितले जाते. त्यामुळे एकाला आलेला अनुभव दुसऱ्याला कळत नाही, आणि तो शेजाऱ्याचे घटलेले वजन पाहून त्याचीच शस्त्रक्रिया मागतो. वजन शेजाऱ्यासारखे असेल. अन्ननलिका त्याची नसते. ज्या भगिनींची हकीकत आम्ही सांगितली, त्यांनी स्वतःच ती सांगण्यास आम्हांला अनुमती दिली. त्या म्हणाल्या, "माझे नाव नको, पण बाकी सारे सांगा. तो प्रश्न आता सगळ्यांना विचारला जाऊ दे."

आम्ही तेव्हापासून तो विचारतो. आज घरी गेल्यावर आपणही आपल्या माणसांना विचारावा: रात्री घशाशी येते का?