स्क्रीन गेला, मेंदू नाही

मी बोलतोय वरसे गावातून, रोह्याच्या अगदी शेजारून.

आजची गोष्ट धाटाव एमआयडीसीतल्या एका रात्रपाळीची. मी तेव्हा नवा ट्रेनी. रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच तापलेली, आणि कंट्रोल पॅनलचा स्क्रीन एकदम काळा! माझं बोट थेट रीसेटकडे. इन्स्ट्रुमेंटवाले काका ओरडले, "हात लावू नकोस!"

त्यांनी पॅनल उघडलं. आत पीसी/१०४ची छोटी बोर्डं, जेवणाच्या डब्यासारखी एकावर एक. हे स्टँडर्ड १९९२चं. बोर्ड साधारण ९० बाय ९६ मिलिमीटर, १०४ पिनांनी एकमेकांत बसणारं. एक प्रोसेसरचं, एक ग्राफिक्सचं, एक डेटा अ‍ॅक्विझिशनचं. हे शेवटचं सेन्सरकडून येणारा ४ ते २० मिलिअँपिअर करंट मोजतं आणि प्रोसेसरला आकडा देतं.

काकांनी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह दाखवला. तो आपलं काम करत होता! "स्क्रीन गेलाय रे, मेंदू नाही. रीसेट मारला असतास तर पाण्यावरचा कंट्रोलच गेला असता."

मग बॅच संपेपर्यंत आम्ही रिअ‍ॅक्टरवरचा डायल बघून दर पाच मिनिटांनी वहीत तापमान लिहिलं. सकाळी सप्लाय बंद करून फक्त ग्राफिक्सचं बोर्ड बदललं. बाकीचा डबा तसाच.

तेव्हापासून काही अडलं की आधी स्वतःला विचारतो: बंद काय पडलंय, आणि चालू काय आहे?

तुमचाही असा किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!