भीमथडीचे तट्टू

शर्यतीचा घोडा म्हटला की शहरवासी गृहस्थाच्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचे मैदान आणि पावणेदोन मिनिटांच्या आत मैलभर अंतर तोडणारे उंच, तुकतुकीत जनावर उभे राहते. त्या जातीचे मूळ इंग्लंडातले. तेथे नेलेले पूर्वेकडील तीन घोडे हे तिचे मूळपुरुष होत. त्यांपैकी एक अरबी घोडा १७०४ साली अलेप्पोहून गेला. परंतु अरबी रक्त याच्या कितीतरी आधी भीमाकाठी उतरले होते आणि त्यातून अगदी निराळा घोडा निपजला.

थडी म्हणजे नदीचा काठ. पुणे जिल्ह्यातून भीमा खाली येते, टेंभुर्णीच्या पश्चिमेकडून वाहते आणि नरसिंगपुरास नीरेला पोटात घेऊन पंढरपूरकडे वळते. हा मुलूख कमी पावसाचा, ज्वारीचा आणि कुरणांचा. बहामनी काळापासून चौल, दाभोळ, गोवे या बंदरांत अरबी व इराणी घोडे उतरत आणि घाट चढून दख्खनच्या दरबारांत जात. त्यांचा येथील काटक घोड्यांशी संकर होत गेला. कोणी वंशावळीची वही ठेवली नाही. निवड केली ती दुष्काळाने आणि लढाईने.

हे तट्टू खांद्यापाशी सुमारे सव्वाचार फूट उंच, बांध्याचे आटोपशीर, पायांचे मजबूत. रंग बहुधा कुमाईत, पाय काळे. (हल्ली 'तट्टू' हा शब्द हिणवण्यासाठी वापरतात, पूर्वीच्या शिलेदाराला ते रुचले नसते.) दाण्यावाचून केवळ कडब्यावर आणि वाटेतल्या गवतावर ते दिवसच्या दिवस मजल मारी. मैलाच्या शर्यतीत विलायती घोडा त्याला सहज मागे टाकील, हे खरे; पण मराठ्यांची शर्यत मैलाची नव्हती. १७५७ त त्यांच्या फौजा दिल्लीस होत्या आणि १७५८ त अटकेस पोहोचल्या. जड तोफखान्यामागे रेंगाळणाऱ्या सैन्यास जे साधत नसे, ते या दौडीच्या बळावर साधे.

१८१८ त पेशवाई बुडाली, शिलेदारी संपली, आणि तट्टास पोसणारा धनी उरला नाही. इंग्रजी अमलात पलटणींस मोठा घोडा हवा होता. पुढे मोटार आली. १९८० त उजनीचे धरण पुरे झाले आणि भीमाकाठच्या जिराईत रानांत ऊस उभा राहिला. उसाच्या शेतात घोड्याला काय काम!

ही जात तरली ती मेंढपाळ धनगरांमुळे. त्यांच्या भटकंतीत संसार, भांडी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, सारे याच तट्टांच्या पाठीवर असते. २०२३-२४ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. हा न्याय उशिरा झाला, आणि तो कागदावरचा आहे. जातिवंत नर राखून पैदास झाली नाही, तर काठेवाडी-मारवाडी रक्ताच्या मिश्रणात हा वाण विरून जाईल. टेंभुर्णीहून जवळच, अकलूजला, दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. गिऱ्हाइकांची गर्दी मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांभोवती असते. धनगराचे तट्टू मात्र त्याच दिवसांत पाठीवर बिऱ्हाड घेऊन मेंढरांमागे कोकणच्या वाटेस लागलेले असते.