अजरख महाग का?



"तुझ्या दुकानातलं अजरख एवढं महाग का?" असं आज चौघींनी विचारलं. सगळ्यांना एकदमच सांगते.

कच्छमधल्या अजरखपूरला कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. गुळाच्या पाण्यात भंगार लोखंड कित्येक दिवस मुरवून त्याचा ठसा मारला, की हिरड्यामुळे तिथे काळा उमटतो. तुरटीचा ठसा मात्र लाल दिसत नाही. कापड मंजिष्ठेत उकळलं, की जिथे तुरटी तिथेच लाल धरतो. बाई, तुम्ही शिकवलेली तुरटी मला तिथे कळली! निळा येतो निळीच्या पिंपातून. मध्ये पुन्हा पुन्हा धुणं, पुन्हा पुन्हा वाळवणं.

या कामाचा जीव पाण्यात आहे. २००१ च्या भूकंपात धमडका गावाची पडझड झाली आणि तिथल्या पाण्यात लोह वाढलं. लोहानं लाल रंग काळवंडतो. म्हणून अनेक खत्री कुटुंबांनी पिढ्यांचं गाव सोडून भुजजवळ अजरखपूर वसवलं. चांगल्या पाण्यासाठी गाव बदललं, काम नाही बदललं.

यंत्रावर छापलेली नक्कल फार स्वस्त मिळते. गिऱ्हाईक तीच मागतं, दुकानाचं भाडंही डोक्यावर असतं. तरी ती मी ठेवत नाही. नक्कलच खपत राहिली, तर ठसे मारणारे हात दुसरं काम शोधतील.

घेतलं नाहीत तरी चालेल, हात लावून बघा. घेतलंत तर सौम्य साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा.