द्वार, दार आणि बारणुं



सुरतेत वाढणारी आपली मुले घरातही ‘दार’ न म्हणता ‘बारणुं’ म्हणतात, याची वडीलधाऱ्यांना खंत वाटते. म्हणून या शब्दांचे कुळ पाहू.

संस्कृत, ग्रीक व लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात प्रतिपादिले. पुढे पंडितांनी तौलनिक अभ्यासाने त्या लुप्त भाषेतील शब्द अनुमानिले. ‘ध्वेर’ हा त्यांपैकीच एक. त्यापासून ग्रीक ‘थुरा’, जर्मन ‘ट्यूर’, इंग्रजी ‘डोअर’, फारसी ‘दर’ आणि आपल्या महाद्वारातील ‘द्वार’ झाले. संस्कृतात ‘ध’चा ‘द’ झाला तो दोन कवाडांमुळे, म्हणजे ‘द्वि’ शब्दाच्या प्रभावाने, असे मानतात. पुढे ‘द्व’ हे जोडाक्षर फुटले. मराठी-कोकणीत ‘द’ राहिला. गुजरातीत ‘द’ लोपून ‘व’चा ‘ब’ झाला. येथील लाल दरवाजाही फारसी ‘दर’च्याच वंशातला.

सारांश, ‘बारणुं’ परके नव्हे, दाराचे सख्खे भावंडच होय. परंतु भाऊबंद भेटले म्हणून कोणी आपले कुळ विसरत नाही. शेजाऱ्याचे ‘बारणुं’ प्रेमाने ठोठवावे, आपल्या घराचे मात्र ‘दार’च उघडावे, ही नम्र विनंती.