फिजिक्सच्या वाटेनं रुग्णापर्यंत



मघाशी बक्षीस घ्यायला आलेल्या विद्यार्थ्यांना मी विचारत होते, पुढे काय व्हायचंय? बहुतेकांनी ‘डॉक्टर’ म्हटलं. आजारी माणसांच्या उपयोगी पडायचंय, म्हणून. त्या इच्छेचं मला फार कौतुक वाटतं. पण रुग्णांपर्यंत पोचायची आणखी एक वाट आहे. मी त्याच वाटेवर आहे. एमआरआयमध्ये शरीराच्या आतलं चित्र अधिक स्पष्ट आणि लवकर कसं मिळेल, हे शोधणं माझं काम.

आपल्या शरीरात पाणी भरपूर, म्हणून हायड्रोजनही भरपूर. माणसाला प्रबळ चुंबकात ठेवून रेडिओलहरी सोडल्या, की हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत येतो. तो नेमका कुठून आला? चुंबकक्षेत्र जागोजागी थोडं कमी-जास्त ठेवलं, तर ते कळतं. 1973 साली अमेरिकेतल्या पॉल लॉटरबर यांनी या रीतीनं मिळवलेलं पहिलं चित्र प्रसिद्ध केलं. ते रसायनशास्त्रज्ञ होते.

एमआरआय घडवणारे दुसरे शास्त्रज्ञ म्हणजे इंग्लंडचे पीटर मॅन्सफिल्ड. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. लंडनमधल्या एका गॅस फिटरचा हा मुलगा. विज्ञान तुझ्यासाठी नाही, असं त्याला शाळेत सांगितलं गेलं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो छापखान्यात कामाला लागला. पण युद्धकाळात लंडनवर पडलेल्या रॉकेटांचं कुतूहल मनात होतं. अठराव्या वर्षी रॉकेट संशोधन केंद्रात नोकरी मिळवली, मग सक्तीची लष्करी सेवा, पुन्हा अभ्यास आणि 1962 मध्ये भौतिकशास्त्रात पीएच.डी.! पुढे नॉटिंगहॅम विद्यापीठात, एरवी बराच वेळ घेणारं चित्र क्षणार्धात टिपण्याची पद्धत त्यांनी गणितातून बसवली. 1978 मध्ये पूर्ण शरीराची तपासणी करायची वेळ आली. बदलत्या चुंबकक्षेत्राचा हृदयाला धोका होऊ शकतो, असा इशारा मिळाला होता. तरी मॅन्सफिल्ड स्वतःच यंत्रात गेले. हे धैर्य मला त्यांच्या समीकरणांइतकंच मोठं वाटतं.

2003 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

म्हणून मुलांनो, मेडिकलचा प्रवेश हुकला तर रुग्णसेवा संपली, असं समजू नका. फिजिक्स, गणित, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, सगळ्यांची आमच्या प्रयोगशाळेत गरज आहे. आणि पालकहो, शिक्षकहो, ‘हे तुला जमणार नाही’ हे वाक्य कृपा करून कोणत्याही मुलाला ऐकवू नका.