स्तनाच्या कर्करोगातील पेशींची वाटचाल



आम्ही कामगार चळवळीतले. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे थोडे कळते ते वाचनालयाच्या कृपेने. मग हा विषय आमच्या तोंडी कसा? ज्यांच्या मजुरीसाठी आम्ही भांडतो त्या भगिनी या दुखण्याविषयी गप्प राहतात, म्हणून. शाहूपुरीच्या या सभेत ते मौन मोडावे, एवढाच हेतू.

प्रथम निरोगी स्तन पाहू. त्यात दुधाच्या बारीक नलिका असतात. नलिकेला आतून पेशींचे अस्तर, त्याबाहेर आकुंचन पावणाऱ्या पेशींचा थर आणि सभोवती एक पातळ पटल असते. ते घराच्या भिंतीसारखे समजा. अस्तरातील पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. पेशीच्या जनुकांत बिघाड साचत गेला की ती बेसुमार वाढू लागते आणि नलिका भरते. तरी भिंत शाबूत असेतो रोग घरातच कोंडलेला असतो. तो प्रत्येक वेळी बाहेर पडतोच असे नाही. पण कोणाचा पडेल, हे आजही खात्रीने सांगता येत नाही.

खरा धोका भिंत फुटल्यावर. पटल विरघळविणारी विकरे कामाला लागतात आणि, नवल असे की, शेजारच्या धडधाकट पेशीही त्या कामी राबविल्या जातात. काही पेशी परस्परांचा हात सोडून एकेकट्या निघतात, काही टोळीने. लसीकेवाटे त्या काखेतील ग्रंथींत पोचतात. रक्तावाटे हाडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू येथे ठाण मांडतात. प्राण जातो तो मुख्यतः या पसरलेल्या रोगाने.

हे संशोधन केवळ परक्यांचे नव्हे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली आणि उंदरांवर प्रयोग करून या रोगाचे आनुवंशिकतेशी नाते तपासले.

१९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील दीड लाखावर स्त्रियांची पाहणी केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, केवळ हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण मोठे यंत्र नसतानाही जीव वाचू शकतात, हे सिद्ध झाले.

आता आमचे म्हणणे. आरंभीची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई कामावर जाते, कारण खाडा झाला की मजुरी बुडते. त्या बुडणाऱ्या एका दिवसाच्या भीतीने पेशींना महिनेच्या महिने मोकळे मिळतात. म्हणून तपासणीच्या दिवसाची भरपगारी रजा हे कलम प्रत्येक मागणीपत्रात आले पाहिजे. आणि घरच्या पुरुषांनी, 'गाठ आहे' हे शब्द ऐकताच, दवाखान्याची वाट धरली पाहिजे.