मोडाची नाचणी आणि बाळाची पेज



पळस्पे येथे मुंबईहून येणाऱ्या रस्त्याला दोन फाटे फुटतात; एक पुण्याकडे, दुसरा गोव्याकडे. या परिसरात खाचरांत भात आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, ही जुनी पीकरीत. या नाचणीला मोड आणून गृहिणी सत्त्व करीत आल्या आहेत. बीअरच्या कारखान्यात जवापासून माल्ट करतात, त्यामागचे शास्त्र हेच आहे. तुलना काहीशी चमत्कारिक खरी!

दाणा भिजला की अंकुराच्या पोषणासाठी त्यात विकरे, म्हणजे एंझाइम, जागी होतात. काही विकरे प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडून त्यांची अमिनो आम्ले बनवितात, तर काही पिष्टाची साखर करतात. प्रथिनांचे बरेचसे विघटन मोड येतानाच घडते. पुढे माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवतात, तेव्हा प्रथिने तोडणारी विकरे सुमारे ४५ ते ५५ अंश सेल्सिअसला आणि पिष्ट तोडणारी ६० ते ७० अंशांना जोमाने काम करतात. अमिनो आम्लांवर यीस्ट पोसते. मोठी प्रथिने शिल्लक राहिल्यास पेय गढूळते. उकळी आली की विकरांचे कार्य संपते.

आता बाळाच्या वाटीकडे वळू. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते. साध्या पिठाची पेज घट्ट केली तर बाळाला गिळवत नाही. पाणी वाढविले तर पोट भरते, पण पोषण होत नाही. मोडाच्या पिठाची पेज मात्र पीठ भरपूर घालूनही पातळ राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर संशोधन झाले. साध्या घट्ट पेजेत असे चिमूटभर पीठ घातले तरी ती सैल होते.

येथेच एक चूक वारंवार होते. मोडाची नाचणी खरपूस भाजली किंवा तिचे पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकले, तर विकरे काम करण्यापूर्वीच मरतात. म्हणून मोड उन्हात वाळवावेत, भाजणे बेताचेच ठेवावे. पीठ थंड पाण्यात कालवून मंद आचेवर चढवावे, म्हणजे दोन्ही विकरांना आपापली वेळ मिळते. शेवटी चांगली उकळी आणावीच. ओलाव्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात.

मोडांमुळे प्रथिने वाढतात, असे सर्रास सांगितले जाते. ते बरोबर नाही. शंभर ग्रॅम नाचणीत प्रथिने सुमारे सात ग्रॅमच. वाढते ती त्यांची पचनीयता. कॅल्शियमबाबत नाचणी श्रीमंत आहे, मात्र लायसिन या अमिनो आम्लाची तिच्यात उणीव असते. ती मूग भरून काढतो. तेव्हा नाचणीबरोबर मूठभर मुगालाही मोड आणावेत.